वही फुकट, पण पट्टी कोणाच्या हाती?

संगणकाच्या मूळ प्रणालीबरोबर माहिती साठवण्याची सोयही घरी येते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. प्रथा जुनी आहे. १९८८ साली आयबीएमने एएस/४०० हा संगणक काढला, तेव्हा डेटाबेस त्याच्या प्रणालीतच गुंफलेला होता. विंडोज २००० मध्ये मायक्रोसॉफ्टचे जेट हे डेटाबेस-इंजिन विंडोजबरोबरच आले. तक्ते व फॉर्म आखण्याचे ॲक्सेस मात्र वेगळे विकत घ्यावे लागे. ॲक्सेसच्या २००७ च्या आवृत्तीपासून त्याचे ‘रनटाइम’ फुकट मिळू लागले.

रनटाइम म्हणजे शाळेतला छापील हजेरीपट. नावे भरा, खुणा करा, बेरीज घ्या. पण नवा रकाना आखता येत नाही. पट्टी दुसऱ्याच्या हाती!

आपल्या बेटावरील एका मंडळाने सभासदांची यादी अशीच करून घेतली. करून देणारा तरुण पुढे नोकरीसाठी परदेशी गेला. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी मोबाइल क्रमांकाचा रकाना हवा होता, तो कोणालाच घालता येईना. मूळ आराखड्याची प्रत मागून ठेवण्याचे कोणाला सुचलेच नव्हते. अखेर चिटणीसांनी सगळी नावे पुन्हा हाताने टंकली.

यात दोष फुकट वस्तूचा नाही. रनटाइममुळे मंडळाचे पैसे वाचतात, आणि नवख्याच्या हातून आखणी बिघडत नाही. शिवाय सर्वच फुकट गोष्टी अपुऱ्या नसतात. रिचर्ड हिप यांनी २००० साली प्रसिद्ध केलेले एस्क्यूएलाइट आज अँड्रॉइड व आयफोन या दोन्हींत असते. ते पूर्ण आहे आणि कर्त्याने त्यावर कोणताही हक्क राखलेला नाही. दोष आहे तो न विचारता घेण्याचा.

म्हणून मंडळांच्या चालकांना माझी नम्र विनंती: कार्यक्रम करून घेताना मूळ आराखड्याची प्रत मागा, सगळी यादी साध्या मजकुराच्या फाइलीत काढून घ्या, आणि बदल करणे निदान दोघांना शिकवा.

आपल्या आजा-पणजांची नावे परक्यांनी आखलेल्या रकान्यांत लिहिली गेली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती बाडे आजही पाहता येतात. तेव्हा पट्टी आपल्या हाती नव्हती. आज ती मागून मिळते. मग मागायला संकोच कसला?