पाठभेद आणि परकीयत्व

हस्तलिखितांशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे त्याला हे निराळे सांगावे लागत नाही, की एकच नाव दोन पोथ्यांत दोन प्रकारे लिहिलेले आढळले म्हणून ती दोन माणसे ठरत नाहीत. लेखकू बदलतो, लिपी बदलते, उच्चार ऐकणारा कान बदलतो. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो हेच जाणून. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती शारदेपासून मलयाळमपर्यंतच्या लिप्यांतील हस्तलिखिते ताडून उभी राहिली. पाठभेद हा पोथीचा अपराध मानला गेला असता, तर भारतीय वाङ्मयातील क्वचितच एखादा ग्रंथ आज हाती उरला असता. आसामात मात्र माणसांच्या बाबतीत नेमके हेच घडत आले आहे. तेथे नावाचा पाठभेद हा परकीयत्वाचा पुरावा मानला जातो.

हा वाद जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मैमनसिंह व आसपासच्या जिल्ह्यांतील भूमिहीन मुसलमान शेतकरी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात येऊन वसू लागले, आणि १९३१ च्या जनगणनेच्या ब्रिटिश अधीक्षकाने आपल्या अहवालात त्यांना मुंग्यांच्या झुंडींची उपमा देऊन ठेवली. फाळणी झाली, पुढे १९७१ चे युद्ध झाले, आणि कोण केव्हा आले हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा झाला. १९७९ मध्ये सुरू झालेले आंदोलन, १९८३ च्या फेब्रुवारीतील नेलीचा नरसंहार आणि १५ ऑगस्ट १९८५ चा आसाम करार हा इतिहास सर्वपरिचित आहे. करारान्वये नागरिकत्व कायद्यात सहा-अ हे कलम आले व २४ मार्च १९७१ ही सीमारेषा ठरली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२४ रोजी हे कलम चार विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरविले.

सीमारेषा असावी की नसावी, हा येथे मुद्दा नाही. प्रत्येक राष्ट्राला ती आखावी लागते, आणि असमिया समाजाची भीती निराधार होती असे म्हणणे हे इतिहासाचे अज्ञान होय. ज्या भाषेला १८३६ पासून १८७३ पर्यंत आपल्याच भूमीतील न्यायालयांतून आणि शाळांतून बंगालीने बाजूला सारले होते, आणि जिच्या स्वतंत्र अस्तित्वासाठी आनंदराम ढेकियाल फुकन यांना लेखणी झिजवावी लागली, त्या भाषेच्या लोकांना संख्येची धास्ती वाटली तर नवल नाही. म्हणूनच २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीला अन्यत्र विरोध झाला तो मुख्यतः धर्माच्या कसोटीमुळे, तर आसामात तो करारातील वर्ष मोडले म्हणून झाला; दिल्लीतील चर्चेत हा भेद बहुधा हरवून जातो. तथापि याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १९५१ च्या जनगणनेत राज्यातील असमिया भाषकांचे प्रमाण अर्ध्याहून अधिक भरले, त्यात या स्थलांतरित शेतकऱ्यांनी मातृभाषा म्हणून असमियाची नोंद केल्याचा वाटा मोठा होता. मुलांना त्यांनी असमिया शाळांत घातले. पुढे २०१६ नंतर त्यांच्या नातवंडांनी घरच्या बोलीत कविता लिहिल्या, ‘मिया’ ही शिवी स्वतःचे नाव म्हणून स्वीकारली, तेव्हा हिरेन गोहांई यांच्यासारख्या पुरोगामी समीक्षकालाही ती बोली खटकली आणि २०१९ मध्ये काही कवींवर पोलिसांत तक्रारी दाखल झाल्या. नोंदवहीत असमिया लिहिले तर ते ढोंग, आणि बोलीत लिहिले तर कृतघ्नपणा! मग या लोकांनी कोणत्या भाषेत लिहावे?

आता कागदांकडे वळू. राष्ट्रीय नागरिक नोंदणीसाठी प्रत्येकाला १९७१ पूर्वीच्या एखाद्या दस्तऐवजात पूर्वजाचे नाव दाखवावे लागले, आणि त्या पूर्वजाशी स्वतःचे नाते दुसऱ्या दस्तऐवजाने जोडावे लागले. पहिला दस्तऐवज बहुधा १९५१ ची नोंदणी किंवा जुनी मतदारयादी. तो लिहिणारा कारकून असमिया, सांगणारा पूर्वबंगाली बोली बोलणारा, आणि नाव मुळात अरबी किंवा फारसी. असमियात ‘च’ व ‘छ’ यांचा उच्चार ‘स’सारखा होतो, तर लिखित ‘स’ घशाकडे सरकून ‘ख’ आणि ‘ह’ यांच्यामध्ये कोठेतरी पडतो. हेच नाव पुढे इंग्रजीत उतरते, तेथून पुन्हा असमियात येते. तीन-चार लिप्यंतरांनंतर ते जसेच्या तसे राहिले असते, तरच शंका घ्यायला जागा होती.

स्त्रियांची अवस्था याहून बिकट. या समाजात नावाचा उत्तरभाग हे आडनाव नव्हेच. ती अवस्थेची खूण असते. अविवाहित असताना ‘खातून’, लग्नानंतर ‘बिबी’ किंवा ‘बेगम’, वैधव्यात ‘बेवा’. एकाच बाईच्या आयुष्यातील तीन कागद तीन नावांचे असणे हा येथे नियम आहे, अपवाद नव्हे. शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही, लग्न लवकर झालेले. मतदारयादीत नाव प्रथम येते ते नवऱ्याच्या गावी, नवऱ्याच्या नावासह. बापाशी नाते जोडणारा कागद म्हणजे केवळ ग्रामपंचायतीचा दाखला. तोही २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने अग्राह्य ठरविला, आणि त्याच वर्षअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर पुन्हा ग्राह्य मानला. आणि ब्रह्मपुत्रेतील चरांवर राहणाऱ्यांचे तर गावच नदी खाऊन टाकते. कागदावरचे गाव पाण्यात आणि माणूस दुसऱ्या चरावर, अशा स्थितीत ‘पत्ता जुळत नाही’ हा आक्षेप कोणाविरुद्ध घ्यावयाचा?

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीचा जन्म १ जूनला झाला आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना ती तारीख सोयीची होती. लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाचे ‘उपरा’ हे नाव आपल्याच मुलखात फिरणाऱ्या, पण कोठल्याही गावच्या नसलेल्या माणसाचे आहे. त्या तारखा आणि ती भटकंती आज कोणी पुराव्याच्या काट्यावर तोलू लागला, तर किती जण टिकतील?

३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या यादीत ३ कोटी ३० लाखांहून अधिक अर्जदारांपैकी १९,०६,६५७ जण वगळले गेले. त्यांत मुसलमान होते तसे बंगाली हिंदूही मोठ्या संख्येने होते. परिणामी यादी कोणालाच मान्य झाली नाही. याखेरीज १९९७ पासून मतदारयादीत काहींच्या नावापुढे ‘डी’ हे एकच अक्षर पडू लागले. संशयित पाठापुढे संपादक खूण करतो, तशीच ही खूण. फरक इतकाच, की संपादकाला तळटीपेत कारण द्यावे लागते.

खरी मेख आहे ती पुराव्याच्या भारात. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच टाकला होता. आसामपुरता १९८३ च्या कायद्याने तो तक्रार करणाऱ्यावर आला, पण त्या कायद्याखाली शोध जवळजवळ ठप्प झाला आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तो रद्द होण्यास कारण होते, हे मान्य करावे लागेल. परंतु एक टोक चुकीचे ठरले म्हणून दुसरे आपोआप बरोबर ठरत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा नव्याने घेतली, तरी भार जेथे होता तेथेच राहिला. ज्याने लिहिले तो राज्याचा कारकून, ज्याच्या दप्तरात ते पडले ते राज्याचे, आणि विसंगतीचा जाब मात्र निरक्षर माणसाने द्यावयाचा, ही व्यवस्था न्यायाच्या कोणत्या तत्त्वात बसते?

११ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका शेतकरी कुटुंबातील माणसाला परकीय ठरविणारा न्यायाधिकरणाचा आदेश रद्द केला. नावाच्या लेखनातील आणि तारखांतील किरकोळ तफावत देशभर आढळते, तेवढ्यावरून कोणाला परकीय म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय होता. न्यायाधिकरणाच्या आदेशापासून या निकालापर्यंत बारा वर्षे गेली होती. भाषाशास्त्राच्या कोणत्याही विभागातील एखादा अध्यापक हीच गोष्ट एका दुपारी साक्षीत सांगू शकला असता. असमियाचे वर्णविचार, पूर्वबंगालीच्या बोली, मुसलमान नावांची घडण यांवर विद्यापीठांतून काम झाले आहे आणि होत आहे. परंतु न्यायाधिकरणापुढे उभ्या असलेल्या माणसापर्यंत त्यातले काहीही पोहोचत नाही. त्याच्या हाती असतात दोन कागद, आणि त्यांत एका वेलांटीचा फरक.