हार्डवेअरचे काम वाढले, पद मात्र गायब

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. टीपीएम २.० नसलेले किंवा इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर असलेले संगणक अधिकृतपणे विंडोज ११ वर जात नाहीत. सरकारी कार्यालयांपासून पतपेढ्यांपर्यंत अशी कितीतरी मशीन आजही टेबलावर आहेत. त्यात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे रॅम महागली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करण्याची घोषणा केली. नवे घेणे परवडत नाही आणि जुने चालवणे अवघड, अशा वेळी फोन जातो तो हार्डवेअरवाल्या पोरालाच.

म्हणून "हार्डवेअरमध्ये आता काही राहिले नाही" असे सांगून महागडे कोर्स विकणाऱ्या क्लासवाल्यांवर विश्वास ठेवू नका. दहावीनंतर आयटीआयचा कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स हा एक वर्षाचा ट्रेड करून आपल्या वस्त्यांतली मुले या कामात आली आहेत, येत आहेत. त्यांना काम मिळते. पण त्यांचा मालक कोण?

मोठे कार्यालय संगणकांची देखभाल एएमसीवर, म्हणजे वार्षिक कंत्राटावर देते. टेंडर एजन्सीला मिळते आणि एजन्सी तिथे एक 'रेसिडेंट इंजिनिअर' बसवते. साहेबांच्या व्हीसीआधी नेटवर्क बघायचे, टोनर बदलायचे, केबल क्रिम्प करायची, उडालेला एसएमपीएस दुपारपर्यंत बदलून द्यायचा, हे सगळे तोच करतो. सगळे कार्यालय त्याला 'आमचा कॉम्प्युटरवाला' म्हणते, पण हजेरीपटावर त्याचे नाव नसते. कंत्राट संपते, दुसरी एजन्सी येते. मुलगा तोच, खुर्ची तीच, सेवा मात्र पुन्हा शून्यापासून. सात-आठ वर्षे एकाच कार्यालयात काढलेल्याकडेही अनुभवाचा सलग कागद नसतो.

इथेच हा विषय आरक्षणाशी भिडतो. केंद्राच्या सूचनांनुसार ४५ दिवस किंवा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांनाही आरक्षण लागू आहे. पण एजन्सीचा माणूस ही सरकारची नेमणूकच नाही, ती 'सेवा खरेदी' आहे. मग रोस्टर नाही, बिंदुनामावली नाही. राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला तेव्हा तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तो विजय खराच होता. परंतु संगणक देखभालीसारखी कामे त्या जीआरच्या आधीही बाहेर जात होती आणि नंतरही जात राहिली. त्यावर आपण फारसे बोललो नाही.

मग या क्षेत्रात जाऊच नये का? जावे, पण कागद हातात घेऊन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ते मागा. यूएएन क्रमांक घेऊन पीएफचे पासबुक दर दोन महिन्यांनी बघा; पगारातून कापलेली रक्कम खात्यात जमा झालेलीच नाही, हे मुलांना फार उशिरा कळते. किती कॉल घेतले, काय बिघाड होता, कसा काढला याची स्वतःची वही ठेवा. फॉरमॅट आणि टोनरवर दोन वर्षांपेक्षा जास्त थांबू नका. स्विच, फायरवॉल, सर्व्हरकडे सरका, कारण पगार तिथे वाढतो. स्वतःचे दुकान टाकायचे असेल तर जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवण्याचे काम अजून हमखास चालते. मात्र हल्लीच्या कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली येते. त्यामुळे नुसता स्क्रूड्रायव्हर पुरणार नाही, चिपलेव्हल शिकावेच लागेल.

आणि कार्यकर्त्यांसाठी एक काम. आपल्या जिल्ह्यातल्या एका कार्यालयात माहितीचा अधिकार टाका: संगणक देखभालीचे कंत्राट कोणाला आहे, माणसामागे महिन्याला दर किती, पीएफ भरल्याची चलने जोडली आहेत का? दहा रुपयांचा अर्ज आहे. उत्तर आले की त्या कार्यालयातल्या 'कॉम्प्युटरवाल्या'ला बाजूला घेऊन विचारा, तुझ्या हातात किती पडतात?