‘पळून गेला’ : एका वाक्याचे व्याकरण

बिरसीला विमानतळ आहे. पण या परिसरात घर सोडणाऱ्या पोराची वाट हावडा-मुंबई मार्गावरच्या गोंदिया जंक्शनकडे जाते. मागे गावात एकच वाक्य उरते : ‘पोरगा पळून गेला.’ भाषेचे अध्यापक म्हणून आम्हांस या वाक्याची रचना अस्वस्थ करते. कर्ता पोरगा, क्रिया पळण्याची; त्याच्यावर उगारलेला हात वाक्यात कुठेच नाही.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. कुटुंबात मारहाण सोसलेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. मार खाणारे प्रत्येक मूल घर सोडत नाही आणि घर सोडण्यामागे दारिद्र्यही असते, हे मान्य. तथापि ज्याला घराची भीती फलाटाच्या भीतीहून मोठी वाटते, त्याला आपण ‘उनाड’ कसे म्हणावे? बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ या एकाच व्याख्येत पालकाने इजा केलेले, घरातून पळालेले आणि बेघर अशी तिन्ही मुले येतात. आपले वाक्य जो संबंध तोडते, तो कायद्याने जोडला आहे.

साहित्याच्या वर्गात आम्ही काय करतो? ‘श्यामची आई’त (१९३५) पोहायला न जाणाऱ्या श्यामला आई मारते आणि नंतर तीच कळवळते. साने गुरुजींच्या त्या माउलीवर दोषारोप करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या प्रसंगातील कळवळा बाजूस सारून ‘मार म्हणजेच माया’ एवढेच सूत्र आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. समोरच्या बाकावर असाही एखादा श्याम बसलेला असेल, ज्याच्या पाठीवरच्या वळांवरून कोणाचाच हात फिरलेला नाही. आमच्या रसग्रहणातून त्याने काय घ्यावे? आपल्याला होणारी मारहाण हीच माया, असे?

व्याकरण सांगते की ‘पळणे’ या क्रियापदाला अपादानाची अपेक्षा असते : कोठून, कोणापासून? हा प्रश्न यापुढे वर्गात विचारला जावा आणि फळ्याच्या कोपऱ्यात १०९८ हा बाल मदतवाहिनीचा क्रमांक लिहिलेला असावा. अपूर्ण वाक्य पूर्ण करून घेणे, हे तर आमचे नित्याचेच काम आहे.