'फरक स्पष्ट करा' – आणि साम्याचं काय?



'फरक स्पष्ट करा' हा आपल्या परीक्षेतला ठरलेला प्रश्न. मधे रेघ, दोन रकाने, तीन मुद्दे, मिळाले गुण! पण यातून मुलं तुलना करायला शिकतात का? माझ्या मते नाही. ती फक्त रकाने पाठ करतात.

एक जोडी घेऊन पाहू. अर्जेंटिनी मुंगी आणि ऑस्ट्रेलियातलं पोसिडोनिया हे समुद्री गवत. मुंगी हा कीटक, तर गवत ही सपुष्प वनस्पती (शेवाळ नव्हे!). मुंगी चालते, गवत मुळं रोवून एका जागी राहतं. रकाने भरले, विषय संपला.

आता दोघांबद्दल एकच प्रश्न विचारा : हे एक आहे की अनेक?

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथलं सुमारे १८० किलोमीटर पसरलेलं हे गवत एकाच रोपापासून वाढलेलं आहे, असं २०२२ मध्ये जाहीर झालं. वय किमान ४,५०० वर्षं! कसं पसरलं? आपल्या हराळीसारखंच. खोड वाळूखालून सरकत जातं आणि नवे कोंब फुटतात.

मुंगीची तऱ्हा वेगळी. इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत, सुमारे ६,००० किलोमीटर, तिची एकच महावसाहत असल्याचं २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. असंख्य वारुळं, असंख्य राण्या. पण अंगाच्या गंधावरून त्या एकमेकींना आपलं मानतात, भांडत नाहीत. स्थानिक मुंग्यांना मात्र हुसकावून लावतात.

म्हणजे गवत देहानं एक, मुंग्या ओळखीनं एक. हा खरा फरक. आणि तो साम्य शोधल्याशिवाय हाती लागत नाही. पुढचे प्रश्न मग मुलंच विचारतील : सगळं गवत एकसारखंच, तर समुद्र तापल्यावर त्याचं काय होईल?

अभ्यासक्रम पुरा करायला वेळ नसतो, हे खरंच आहे. पण मैदानातली हराळी उपटून दाखवायला एक तासिका पुरते. तक्त्यात 'साम्य' आणि 'मला पडलेला प्रश्न' असे दोन रकाने वाढवा, आणि त्या प्रश्नालाही एक गुण ठेवा.

पालकहो, 'किती मुद्दे लिहिलेस?' याऐवजी आज घरी विचारून बघा, 'तुला काय प्रश्न पडला?'