सेहरा स्पष्ट, नौशा धूसर

निकाहचा अल्बम घरी आला की सगळे आधी आपापला चेहरा शोधतात, आणि मग कोणाचे तरी लक्ष दादींकडे जाते. मागच्या पडद्यावरची जर टाक्याटाक्यांनिशी दिसते, दादींचा चेहरा मात्र पुसल्यासारखा. वलीमा पुन्हा होत नाही, आणि नव्वदीतल्या दादी पुन्हा तशा नटून बसतील याची खात्री नाही. म्हणून या वेळी ऑटोफोकसविषयी बोलू.

दोष कशाचा हे आधी ओळखावे. फोटो मोठा करून पाहावा. चेहरा धूसर पण पडदा किंवा सेहरा स्पष्ट असेल, तर फोकस चुकीच्या जागी बसला. सगळाच फोटो एका दिशेने ओढल्यासारखा दिसला तर हात हलला. भिंत स्पष्ट आणि फक्त माणूस फरफटलेला दिसला, तर माणूस हलला. तिथे शटर निदान सेकंदाच्या १२५व्या भागाइतके तरी जलद हवे, धावत्या मुलांना त्याच्या दुप्पट. सगळीकडे धुके असेल तर लेन्सवर बोट लागलेले असते. बिर्याणीच्या हाताने फोन उचलला की दुसरे काय होणार! यातल्या एकाच प्रकारात ऑटोफोकस दोषी आहे, पण आपल्याकडे चारही वेळा कॅमेऱ्यालाच बोल लागतो.

कॅमेऱ्याला नात्यागोत्याचे काही कळत नाही. त्याला रेषा आणि उजेड-अंधारातला फरक कळतो. फोकसची जागा आपण त्याच्यावर सोपवली की बहुतेक वेळा तो समोरची सर्वांत जवळची ठळक वस्तू धरतो. नौशाच्या चेहऱ्यापुढे सेहऱ्याच्या लडी लोंबतात, मग त्या फुलांवरच फोकस बसतो. चेहरा ओळखण्याची सोय नव्या कॅमेऱ्यांत असते, पण सेहरा, नकाब किंवा पुढे ओढलेला दुपट्टा यांमुळे ती गोंधळते. अशा वेळी एकच फोकस-बिंदू निवडावा आणि लडींच्या फटीतून दिसणाऱ्या डोळ्यावर नेऊन ठेवावा. तेही जमले नाही तर हाताने फोकस करावा. (नकाबातल्या बाईंचा फोटो त्यांच्या परवानगीनेच काढायचा, हे वेगळे सांगायला नको.)

दुसरी अडचण कापडाची. साध्या काळ्या बुरख्यावर किंवा कोऱ्या पांढऱ्या कुर्त्यावर बिंदू ठेवला, तर कॅमेऱ्याला धरायला रेषाच मिळत नाही आणि लेन्स नुसती पुढेमागे घरघरत राहते. मगरिबनंतर मांडवात उजेड कमी असला की हे फार होते. बिंदू कापडाच्या मधोमध न ठेवता काठावर ठेवावा: भुवई, चष्म्याची दांडी, कपाळावरची कापडाची कड.

धूसर पार्श्वभूमीच्या हौसेपायी लेन्स पूर्ण उघडी ठेवणाऱ्यांनी एक हिशेब करावा. घरोघरी असलेल्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स, एफ १.८, आणि माणूस दीड मीटरवर असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६ सेंटीमीटरचा असतो. नाकाच्या शेंड्यावर फोकस बसला की डोळे त्या पट्ट्याच्या काठावर जातात, कान तर बाहेरच. एफ ४ केले की पट्टा दुपटीहून मोठा होतो. दोन रांगांत खानदान उभे असेल तर एफ ८ बरे, फोकस पुढच्या रांगेतल्या चेहऱ्यावर.

स्नेहसंमेलनात आम्ही नाचणाऱ्या मुलांचे फोटो काढतो तेव्हा सतत फोकस करणारा प्रकार लावतो. निकॉन आणि सोनीमध्ये तो एएफ-सी, कॅननच्या डीएसएलआरमध्ये एआय सर्व्हो. बसलेल्या माणसांसाठी त्याची गरज नाही.

फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवून थोडा वेळ दाबून धरावे. बहुतेक फोनमध्ये फोकस तिथेच अडकतो. पोर्ट्रेट मोडमध्ये दुपट्ट्याची कड किंवा झुमका गायब झाला तर तो फोकसचा दोष नव्हे. ती धूसरता फोन आकडेमोडीने नंतर चढवतो. मोड बंद करावा.

एवढे करूनही डीएसएलआर दर वेळी ठरावीक अंतराने मागे किंवा पुढे फोकस करत असेल, तर टेबलावर तीन पुस्तके एकामागे एक तिरकी उभी करावीत. कॅमेरा तिपाईवर ठेवून मधल्या पुस्तकावर फोकस करावा, एकदा व्ह्यूफाइंडरमधून, एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये. लाइव्ह व्ह्यू बरोबर आणि व्ह्यूफाइंडर चुकीचा निघाला तर जुळणी बिघडली आहे. काही मॉडेलमध्ये ती मेन्यूतूनच सुधारता येते, बाकीच्यांना दुरुस्ती केंद्रात न्यावे लागते. ही चाचणी शादीच्या पंधरा दिवस तरी आधी करावी, दुरुस्तीला वेळ लागतो.