त्वचारोगाचे प्रशिक्षण मैंदर्गीपर्यंत पोहोचेल काय?

सोलापूरहून अक्कलकोट आणि तेथून पुढे कर्नाटकच्या सीमेलगत मैंदर्गी. अंतर फार नाही. तरीही अशा गावातला गजकर्णाचा रुग्ण त्वचारोगतज्ज्ञापर्यंत पोहोचतो तो बहुधा सर्वांत शेवटी. तोवर औषधाच्या दुकानातून घेतलेल्या मलमाच्या दोन-चार ट्यूब संपलेल्या असतात. या मलमांत बुरशीनाशकाबरोबर अनेकदा प्रखर स्टिरॉइड असते. त्याने खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि चट्ट्याची ओळखीची कड पुसली जाते. त्वचेवर लावण्याची अनेक स्टिरॉइडे केंद्र सरकारने २०१८ मध्ये 'एच' परिशिष्टात, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत, टाकली. दुकानांतील व्यवहार त्याने फारसा बदललेला नाही.

प्रश्न आहे तो हा रुग्ण तपासणाऱ्या तरुण डॉक्टरच्या तयारीचा. त्वचारोगातील एम. डी. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यात प्रबंध सक्तीचा. पण प्रबंधाचा विषय बहुधा महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जे सहज मोजता येते त्यावर ठरतो. पदवीनंतर गर्दी होते ती लेसर, केशरोपण आणि सौंदर्योपचारांच्या कार्यशाळांना. तरुणांना त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. व्यवसायातील मिळकत तिकडे आहे.

याची किंमत संशोधनातही मोजावी लागते. भारतभर पसरलेल्या हट्टी गजकर्णामागची बुरशी 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए' या नावाने स्वतंत्र प्रजाती म्हणून २०२० मध्ये मांडली ती जपानी संशोधकांनी, जपानमधील एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या नमुन्यांवरून. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती दाद देत नसल्याचे भारतीय प्रयोगशाळांनी त्याआधीच नोंदवले होते, हे खरे. पण त्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांतल्या. तालुक्याच्या गावात कोणते औषध किती रुग्णांत निकामी ठरते, हे तेथील नमुने तपासल्याशिवाय कळणार कसे?

कुष्ठरोगाची गोष्ट अधिक गंभीर आहे. १९५१ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री घालून दिली. घरोघर जाऊन चट्टा शोधणारे, हाताने नस चाचपणारे कार्यकर्ते या पद्धतीने तयार झाले. पुढे ही सेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली, डिसेंबर २००५ मध्ये देशाने रोगाच्या 'निर्मूलना'ची घोषणा केली आणि या कसबी माणसांची जागा हळूहळू रिकामी होत गेली. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात आणि २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्यात २०२७ पर्यंत संक्रमण थांबवण्याचे उद्दिष्ट आहे. बधिर चट्टा ओळखता न येणारा डॉक्टर त्यावर गजकर्णाचे मलम देतो. रुग्णाची बोटे वाकू लागतात तेव्हा उशीर झालेला असतो.

नवी योजना आखण्याची गरजही नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेत काम करणे बंधनकारक आहे. त्याची अधिसूचना २०२० चीच. २०२३ च्या नियमांनी पहिल्या वर्षी संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रमही आवश्यक केला. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या उरकल्या जातात, ही अडचण आहे. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याने हे तीन महिने अक्कलकोट तालुक्यात काढले आणि प्रबंधाचा प्रश्न तेथूनच उचलला, तर चिकित्सक व संशोधक ही फारकत आपोआप कमी होईल. साहित्य साधेच लागते: त्वचेची खरवड, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दोन थेंब आणि सूक्ष्मदर्शक. बुरशी काही मिनिटांत दिसते. संवर्धन आणि औषध-संवेदनशीलतेच्या चाचणीसाठी मात्र नमुना मोठ्या प्रयोगशाळेत धाडावा लागेल, त्याचा खर्च कोणी तरी उचलला पाहिजे. आणखी एक गोष्ट अभ्यासक्रमात कोठेही नसते. या पट्ट्यात अनेकांच्या घरी कन्नड बोलली जाते. डोळे मिटून बसलेल्या रुग्णाला 'स्पर्श कळतो का' हे त्याच्या भाषेत विचारता आले नाही, तर बधिरतेची चाचणी फसते.

शिकाऊ माणसांना रुग्णांच्या गरजेजवळ ठेवण्याचा प्रयोग टांझानियात १९९२ पासून चालू आहे. मोशी येथील प्रादेशिक त्वचारोग केंद्रात आफ्रिकेतील अनेक देशांचे आरोग्य अधिकारी दोन वर्षे शिकतात आणि आपापल्या भागात परततात. वर्णहीनतेमुळे उन्हात कर्करोगाला बळी पडणाऱ्यांसाठीचे मलमही तेथेच बनते.

आपल्याकडे अडते ते देखरेखीपाशी. तालुक्याला गेलेल्या निवासी डॉक्टरच्या नोंदवहीवर सही कोण करणार? तेथे त्वचारोगाचा शिक्षक नसतो, आणि महाविद्यालयातील शिक्षकाला बाह्यरुग्ण विभाग सोडून आठवड्याला एक दिवस जाण्याची मुभा व प्रवासभत्ता मिळाल्याखेरीज तो जाणार नाही. विद्यापीठाने परीक्षेत या तीन महिन्यांच्या कामाला गुण ठेवले, तर महाविद्यालयांना ती व्यवस्था लावावीच लागेल.