कार्टूनमधले यकृत

कार्टून म्हणजे मुलांचेच, ही समजूत पालकांनी आता टाकून द्यावी. १९८९ पासून चालू असलेल्या ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन मालिकेतील होमर बिअर ढोसतो आणि पुढच्या भागात पुन्हा ठणठणीत उभा राहतो. त्याचे यकृत सुजत नाही, पोटात पाणी होत नाही. हसू मलाही येते. पण असा रुग्ण माझ्या दवाखान्यात कधी आलेला नाही.

‘बोजॅक हॉर्समन’ (२०१४ ते २०२०) मला म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटते. त्यातील घोडामुखी नटाच्या दारूची किंमत भागागणिक साचत जाते. माणसे तुटतात, व्यसनमुक्ती केंद्रात जाऊनही जुने हिशेब मिटत नाहीत. २०१८ च्या एका भागात तो आईच्या अंत्यविधीत जवळजवळ सबंध वेळ एकटाच बोलतो. तो भाग विनोदी म्हणावा का, हा प्रश्नच आहे. आपल्या राळेगणसिद्धीने दारूभट्ट्या बंद केल्या, त्या हीच उधारी घरोघर पाहून.

दोन्ही मालिका लहानग्यांसाठी नव्हेत. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर वयाचे चिन्ह दाखवणे बंधनकारक आहे. ‘यू/ए १३+’ आणि त्यावरील कार्यक्रमांना पालकांचे कुलूप लावण्याची सोयही द्यावी लागते. ती खात्याच्या सेटिंगमध्ये सापडेल.